उद्भव म्हणजे विहीर

“कुसुमताई गेली. आत्ता सकाळी. घरीच गेली. दुपारी चारला पडेगावातून नेणार. तू सरळ घरी ये.” लताचा फोन एवढाच होता. लता म्हणजे कुसुम हिवराळेची धाकटी बहीण. फोन ठेवून मी पुंडलिकनगरच्या चौकात रिक्षा पकडली आणि छावणी ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं, की कोण, कधी, कुठं आणि मी काय करायचं, हे सगळं त्या रडवेल्या आवाजानं एका दमात सांगून टाकलं होतं. मला उलटा एकही प्रश्न विचारावा लागला नव्हता. हे तिला कुणी शिकवलं होतं, ते मला माहीत होतं...

दोन दिवसांनी आमच्या जुन्या दैनिकात बातमी आली. त्या दैनिकात मी आणि कुसुम उपसंपादक होतो, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर आम्ही उमेदीची सगळी वर्षं काढली. बातमीची सुरुवात ‘पत्रकारितेच्या नभांगणातील एक तेजस्वी तारा निखळला’ अशी. पुढं परिच्छेदभर निष्ठा, तळमळ, पोकळी. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कुठं आणि कधी, हे अगदी शेवटच्या ओळीत असणार, कारण ती ओळ छापलीच गेली नव्हती. आमच्या धंद्यात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. म्हणजे तारा निखळल्याचं सगळ्या शहराला कळलं, पण यायचं कुठं ते कुणालाच कळलं नाही. तरी कार्यक्रमाच्या दिवशी लताच्या अंगणात माणूस मावत नव्हता. छावणीतल्या बायका, पडेगावच्या नव्या वसाहतींतल्या सुना, पुंडलिकनगरचे निवृत्त मास्तर, सगळे कुसुमच्या फोनवरच्या ग्रुपमधून निरोप मिळून आले होते.

तिथंच आमचे एक ज्येष्ठ सहकारी उठून बोलले. “कुसुमताईंनी बातमी फोनवर नेली, हे खरं. पण बातमीचे घास करून भरवल्यानं समाजाची चावायची सवय गेली, हेही नम्रपणे नमूद करावंसं वाटतं...” मी गप्प बसले. समोर तिचा फोटो होता, लता होती, प्रसंग भांडणाचा नव्हता. आता काही आठवडे उलटलेत. आता बोलते.

कुसुमचे वडील छावणीत बंगल्यांमधून माळीकाम करायचे. घरात पेपर विकत येत नसे, बंगल्यातून शिळा यायचा. वडिलांना अक्षरओळख नव्हती, म्हणून संध्याकाळी शाळकरी कुसुमनं तो मोठ्यानं वाचायचा आणि त्यांनी बाजेवर बसून ऐकायचा. वाचून झालं की ते विचारायचे, “मग? झालं काय म्हने?” आणि तिला सांगता यायचं नाही. “मला वाटायचं, माझ्या वाचण्यात खोट आहे,” ती एकदा मला म्हणाली होती. “नोकरीला लागल्यावर कळलं, की खोट लिहिणाराच्या हातात होती.” माझं सगळं उलट होतं. माझे आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, वडील जिल्हा परिषदेत. आमच्या घरात लांब वाक्याला मान होता. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘त्या अनुषंगाने’ हे शब्द मी वरणभाताबरोबर खाल्लेले. त्यामुळं आमचं भांडण पहिल्या आठवड्यातच सुरू झालं आणि ते मैत्रीइतकंच टिकलं.

मग ती दुष्काळाची वर्षं आली, एकामागून एक. शहर मात्र थांबत नव्हतं. पडेगावकडची रानं तुकड्यातुकड्यानं विकली जात होती, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडत होते. आधी घर यायचं, मग वीज, मग कधीतरी रस्ता. पाणी यायचंच नाही. कुसुम आणि लता दोघींनी तिथं गुंठेवारीच्या जागेवर भिंतीला भिंत लावून घरं बांधली होती. कुसुमनं लग्न केलं नव्हतं. लताचा नवरा वाळूजला कंपनीत, आणि त्यांची मुलगी दोन्ही घरांतून सारखीच फिरायची. दोन्ही दारांपुढं निळे ड्रम, आणि टँकर आला की गल्लीभर आरडाओरडा.

त्या उन्हाळ्यात लताच्या मुलीला कावीळ झाली. गल्लीत आणखी पाच-सहा पोरं पडली. टँकर भरायचा तो दौलताबाद रोडच्या बाजूच्या एका खासगी विहिरीवर, आणि त्या विहिरीचं पाणी खराब असल्याचा अहवाल आधीच आलेला होता. त्याची बातमीही आमच्या पेपरात आली होती. ‘सदर उद्भवातील पाणी पिण्यास अयोग्य असल्याचा अहवाल प्राप्त झाला असून, संबंधितांना योग्य त्या उपाययोजना करण्याच्या सूचना देण्यात आल्या आहेत.’ सरकारी पत्रक जसंच्या तसं. त्या रात्रपाळीला ते पान कुसुमनंच पाहिलं होतं, शुद्धलेखन तपासून सोडलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघी बहिणी बसल्या होत्या, मी डबा घेऊन गेले होते. कुसुम लताला म्हणाली, “अगं, पेपर तर रोज वाचतीस तू. बातमी आलती की.” लता म्हणाली, “वाचली की मी. पर उद्भव म्हंजी काय? मला वाटलं, काहीतरी मशीन असंल.” लता सातवी पास. रोज सकाळी चहाबरोबर पेपर वाचणारी बाई. तिनं बातमी वाचली, घडी घातली आणि त्याच विहिरीचं पाणी पोरीला प्यायला दिलं.

मुलगी बरी झाली, सगळीच पोरं बरी झाली. पण कुसुम पूर्वीची राहिली नाही. दुसऱ्याच दिवशी ऑफिसात आल्याआल्या तिनं माझ्यापुढं कागद टाकला. “ ‘विहीर’ लिहायला काय झालं होतं आपल्याला, सुनंदा? तीन अक्षरं आहेत.” 

त्याच सुमारास आमच्या गल्ल्यांमधून स्वस्तातले स्मार्टफोन आले होते. कुसुमनं पडेगावच्या बायकांचा ग्रुप केला आणि रोज सकाळी त्यावर बातमी टाकायला लागली. तिची अट एकच होती, बातमी फोनच्या एका स्क्रीनमध्ये मावली पाहिजे, अंगठ्यानं वर सरकवायची वेळ येता कामा नये. काय झालं, कुठं, कुणाला त्याचा फरक पडतो, आपण काय करायचं. आणि शेवटी, जे अजून कळलेलं नाही तेही सांगायचं. पहिल्या बातम्यांतली एक मला अजून पाठ आहे. ‘दौलताबाद रोडच्या पांढऱ्या कठड्याच्या विहिरीचं पाणी पिऊ नका. त्यानं कावीळ होते. टँकरवाल्याला विचारा, कुठून भरला. कपडे धुवायला चालेल. विहीर कधी साफ होणार, ते कुणी सांगत नाही.’ 

मी तिला म्हटलं, “हे काय, बातमी आहे की दवंडी?” ती म्हणाली, “दवंडीच. दवंडी ऐकून कुणी विचारायचं नाही, की काय म्हणाला म्हणून.”

बातमी टाकायच्या आधी ती कुणाला तरी वाचून दाखवायची. बहुतेक वेळा रझिया आपांना. रझिया आपांचं छावणीच्या बाजारात शिवणकामाचं दुकान, कुसुमची त्यांच्याशी लहानपणापासूनची ओळख. आपांना मराठी बोलता नीट यायचं नाही, पण समजायचं सगळं. एकदा मी समोर होते. कुसुमनं वाचलं, “तांत्रिक बिघाडामुळे पाणीपुरवठा विस्कळीत.” आपा मशीन थांबवून म्हणाल्या, “मतलब? मोटर जली क्या?” 

“हां, आपा.” 

“तो मोटर जली बोलो ना! बिघाड-बिघाड क्या करते जी. और पानी कब आता?” 

“ते नाय कळलं अजून.” 

“वो भी लिखो, के नहीं मालूम. लोगां नाहक नल के सामने बैठे रहते.” 

कुसुम खळखळून हसली आणि तसंच लिहिलं.

ग्रुपचे दोन झाले, मग छावणीचा वेगळा, मग आमच्या पुंडलिकनगरचाही. मास्तर लोक आधी नाकं मुरडत आत आले आणि मग सकाळी बातमीला उशीर झाला की मलाच फोन करायला लागले. ऑफिसात बोभाटा झाला. संपादकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, मलाही साक्षीदार म्हणून बसवलं. 

“बाई, बातमी म्हणजे भेळपुरी नाही.”

“साहेब, भेळ लोक तळापर्यंत खातात, कागद चाटून. आपली बातमी तळापर्यंत कोण वाचतं?” 

ते क्षणभर हसले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनाही वरून विचारणा होत होती, कारण मधल्या काळात त्या विहिरीचा टँकर ठेकेदार बिथरला होता. कुसुमची ओळ फोनाफोनी फिरत पार शहरभर गेली होती आणि बायका टँकर उभा राहिला की ड्रायव्हरला घेरून विचारायला लागल्या होत्या, “कुठून भरला? आधी सांग, मग पाइप सोड.” ठेकेदारानं अफवा पसरवल्याची तक्रार केली. कुसुमला चौकीत बोलावलं. मी आणि रझिया आपा बरोबर गेलो. तिथल्या साहेबांनी दरडावून विचारलं, “तुम्हाला कुणी अधिकार दिला असलं लिहायचा?” कुसुमनं पिशवीतून आमच्या पेपराचं पान काढून टेबलावर पसरलं, शेजारी आपला फोन ठेवला. “हे छापून आलं, तेव्हा अफवा नव्हती. हे मी फोनवर टाकलं, ते तेच आहे. फक्त हे लोकांना कळलं. गुन्हा कळण्याचा असेल तर तसं लिहून घ्या, मी सही करते.” साहेबांनी दोन्ही वाचलं. पेपरातलं दोनदा वाचलं. मग त्यांनी स्वतःच विचारलं, “उद्भव म्हणजे विहीर का?” 

आम्हाला चहा पाजून त्यांनी सोडलं. पण ऑफिसनं सोडलं नाही. ग्रुप बंद करा, नाहीतर नोकरी, असं तिला सांगण्यात आलं. सांगणाऱ्यानं अर्धा तास घेतला. संस्थेची प्रतिमा, आचारसंहिता, बदलती परिस्थिती... कुसुम शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे टँकरवाल्याची जाहिरात येते आपल्याकडं. एवढंच ना?” तिनं खुर्चीवरची ओढणी उचलली, टेबलाच्या खणातला जादा चष्मा घेतला आणि जिना उतरली. मी जिन्यापर्यंत गेले. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, “उद्या सकाळी मला मनपाच्या पाण्याचं वेळापत्रक फोनवर सांग. तू अजून आत आहेस ना.”

त्यानंतर ती शिकवण्या घेऊन जगली. लता आणि तिच्या नवऱ्यानं तिला कधी काही कमी पडू दिलं नाही. बातमी मात्र एक सकाळ चुकली नाही.

आता त्या ‘चावायच्या सवयी’बद्दल. दुष्काळाच्याच एका वर्षी आमच्या भागातल्या एका गावात सार्वजनिक विहिरीवर पाणी भरलं म्हणून बौद्ध वस्तीतल्या एका तरुणाला मारलं. हात मोडला त्याचा. आमच्या एका जिद्दी वार्ताहरानं गावात दोन दिवस राहून मोठी बातमी केली होती. कोण आधी बोललं, कोण बघत उभं होतं, विहीर कुणाच्या पैशातून खोदलेली होती, सगळं. मला वाटलं, कुसुम ही बातमी पहिली लहान करून टाकेल. ही तर तिच्या घरातली, तिच्या रक्तातली बातमी. पण सकाळी ग्रुपवर एवढंच आलं: ‘आज एक बातमी आहे. ती लहान होत नाही. मी करून पाहिली, खोटी व्हायला लागली. पेपर घ्या आणि सगळी वाचा. एकटीनं वाचवत नसेल तर माझ्या घरी या.’ 

त्या दुपारी तिच्या घरी बायका आल्या. मी वाचलं, कारण माझा आवाज मोठा आहे. जवळपास पान भरून बातमी, तिच्यातली लांब लांब वाक्यं. एकीनंही मध्येच पदर सावरून उठायची घाई केली नाही. जिथं अडलं तिथं थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं. “बघत उभं कोण व्हतं? नावं परत वाचा,” एक म्हातारी म्हणाली. मी परत वाचली. वाचून संपलं तेव्हा लता म्हणाली, “त्या पोराला दवाखान्यात कोण बघतंय?” आणि दुसऱ्या दिवशी पडेगावातून दोघी डबा घेऊन गेल्या. सवय मोडली म्हणता? ज्या बायकांनी आयुष्यात अग्रलेखाचं पान उघडलं नव्हतं, त्यांनी त्या दिवशी पान भरून बातमी चावून चावून खाल्ली. कारण इतके दिवस रोज त्यांच्याशी कुणीतरी सरळ बोललं होतं आणि आज तीच बाई सांगत होती, की हे अवघड आहे, तरी वाचा.

पुढं काळ फिरला. सगळ्यांच्या हातात फोन आले, पेपराचा खप उतरला आणि ज्या ऑफिसनं तिला जिना उतरवला त्याच ऑफिसला मोबाइलवरच्या छोट्या बातम्यांचा विभाग काढावा लागला. नवे व्यवस्थापक स्वतः पडेगावला गेले. कुसुम आली, तक्रार न करता आली. पण आठवडाही टिकली नाही. नव्या मुलांना तिथं मथळे शिकवले जात होते: ‘पाण्याबाबत मोठा निर्णय! वाचून बसेल धक्का.’ कुसुमनं विचारलं, “निर्णय काय झालाय?” व्यवस्थापक समजावून सांगायला लागले, “मॅडम, ते आत. आधीच सांगितलं तर माणूस आत येईल कशाला?” 

“म्हणजे घराबाहेर उभं करून माणसाला ताटकळत ठेवायचं.” 

“सगळीकडं असंच चालतं, मॅडम.” 

“माझ्याकडं नाय चालत. मी बातमी लहान केली ती लोकांचा वेळ वाचावा म्हणून. तुम्ही लहान करताय ती त्यांचा वेळ खायला.” 

मी तेव्हा निवृत्तीला टेकले होते. या वेळी ती जिना उतरली तेव्हा मीही बरोबर उतरले. रिक्षात ती म्हणाली, “तुझी पेन्शन बुडंल की गं, येडे.” पेन्शन आम्हा पत्रकारांना असते कुठं! दोघीही त्यावर छावणी येईपर्यंत हसत होतो.

शेवटचं वर्ष दुखण्याचं गेलं. कर्करोग आधी पोटात होता. तपासण्यांचे कागद घेऊन आम्ही तिघी डॉक्टरांपुढं बसलो. डॉक्टर भले, पण त्यांनाही सांगवत नव्हतं. ते अवयवांची नावं घेत, टप्पे सांगत, फिरून फिरून बोलत राहिले. कुसुम म्हणाली, “डॉक्टर, पसरलाय, व्हय?” 

“हो.” 

“बरा होणार नाय?” 

“...नाही.” 

“मग दुखणार नाय, एवढं बघा.” 

ते डॉक्टर दरवाजापर्यंत पोचवायला आले. बाहेर आल्यावर लता भिंतीला टेकून रडायला लागली. कुसुम तिच्या पाठीवर हात फिरवत माझ्याकडं बघून म्हणाली, “बघ, सरळ विचारलं की माणूस सरळ सांगतो. बिचारा वाटच बघत होता.”

माझी तिची शेवटची भेट अगदी साधी झाली. ती पडून होती, उठवत नव्हतं. मी पेपर वाचून दाखवत होते, आणि एका लांबलचक वाक्यावर तिनं डोळे मिटूनच हात वर केला. मी थांबले. “मग? झालं काय म्हने?” ती पुटपुटली. मी सांगितलं. तिनं मान हलवली.

हे सगळं लिहायचं आणखी एक कारण आहे. मागच्या आठवड्यात पडेगावला गेले. कुसुमची पुढची खोली लतानं तशीच ठेवली आहे. खिडकीखाली लोखंडी पलंग, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, फोनची वायर खिळ्याला गुंडाळलेली, कारण त्या घरात रेंज फक्त त्या खिडकीशी येते. आता सकाळी लता तिथं बसते. मीही जमेल तेव्हा जाते, मनपाला, दवाखान्यांना फोन करून खरं-खोटं बघते. माझी वाक्यं लता कापते. मी कुरकुर करते, ती कापते.

आम्ही बसलो होतो तेवढ्यात पांढऱ्या गाडीतून एक गृहस्थ आले. निवडणूक तोंडावर आहे, त्यांचे साहेब उभे राहणार आहेत. तसबिरीला वाकून नमस्कार केला, डोळे पुसले. मग म्हणाले, “ताईंचं कार्य थांबता कामा नये. सगळे ग्रुप साहेब दत्तक घेतील. माणसं आमची, खर्च आमचा. रोज सकाळी वर ताईंचा फोटो, खाली साहेबांचा. तुम्हाला काहीच करायला नको.” लतानं त्यांना पाणी दिलं. ते पिऊन होईस्तोवर थांबली. मग म्हणाली, “नाय.” 

“अहो, विचार तरी करा, ताई.” 

“केला.” 

ते गेले. लता खिडकीशी बसली, भराभर अंगठ्यानं काहीतरी टिपत राहिली, मला दाखवलंही नाही. माझ्या पिशवीत फोन वाजला तेव्हा मी वाचलं. ‘पडेगावला टँकर उद्या सकाळी. ड्रम आज धुऊन ठेवा. दुसरी बातमी. निवडणुकीला उभे राहणाऱ्या एका साहेबांचा माणूस आज हे ग्रुप मागायला आला होता. आम्ही दिले नाहीत. आणखी कुणाचे ग्रुप त्यांनी घेतलेत, ते माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर कळवा.’ 

गाडी अजून छावणीपर्यंतही पोचली नसेल. लताचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावला, मला ऐकू येईल इतक्या जोरात पलीकडून त्याच गृहस्थांचा आवाज येत होता, “बाई, हे काय टाकलंत तुम्ही? कशाला टाकलंत?” 

लता खिडकीतून बाहेर बघत होती. 

“बातमी होती,” ती म्हणाली, “म्हणून टाकली.”